हळदीवरची पेटंटं तंत्रज्ञानानुसार आणि देशानुसार मोजायची आहेत, कोणता आकडा खरा धरायचा?

वसमतकर

नमस्कार मंडळी. प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी हळद आणि कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) यांवरची पेटंटं मोजायची आहेत. काळ २००१ ते २०२०. शेवटी एकच कोष्टक हवं आहे: उभ्या रकान्यांत देश, आडव्या ओळींत वायपोची (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची) ३५ तंत्रज्ञान-क्षेत्रं. एस्पेसनेट (युरोपीय कार्यालयाचं), पॅटेंटस्कोप (वायपोचं) आणि आपलं भारतीय इन्पास, या तिन्ही पेटंट-शोध संकेतस्थळांत तोच शब्द टाकला तरी आकडे वेगळे येतात, आणि फरक किरकोळ नाही.

नेमके प्रश्न असे:

१. हळदीसाठी कोणते आयपीसी (आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण) सांकेतांक घ्यायचे? एकाच अर्जावर चार-पाच सांकेतांक असतील तर तो अर्ज कोणत्या क्षेत्रात धरायचा?

२. एकच शोध भारत, अमेरिका, युरोप असा तीन ठिकाणी नोंदवला असेल तर तीन मोजायचे की एक?

३. ‘मूळ देश’ म्हणजे कोणाचा देश? अमेरिकेतल्या विद्यापीठाचं १९९५ चं हळदीचं पेटंट प्रसिद्ध आहे, त्यातले संशोधक भारतीय वंशाचे होते. ते कुठे धरायचं?

४. महाराष्ट्राचा वेगळा आकडा हवा असेल तर मुंबई पेटंट कार्यालयाचे अर्ज मोजले तर चालेल का?

---

उपगट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. सांकेतांक इथे देवनागरीत लिहितो आहे, शोधपेटीत ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाका.

नुसत्या शब्दावर विसंबू नका. ‘टर्मेरिक’ पूर्ण मजकुरात शोधलं की दीडदोनशे वनस्पतींची यादी देऊन ठेवलेले सौंदर्यप्रसाधनांचे अर्जही जाळ्यात येतात, आणि हळदीचा त्या शोधाशी काही संबंध नसतो. शब्द शोधायचा तो शीर्षक, गोषवारा आणि दावे (नेमका कशावर हक्क मागितला ते) एवढ्यातच, तोही सांकेतांकाच्या जोडीने.

मुख्य सांकेतांक ए६१के ३६/९०६६. ‘ए’ हा विभाग, ए६१ वर्ग, ए६१के उपवर्ग म्हणजे औषधी तयारी, ३६ हा वनस्पतीजन्य औषधांचा मुख्य गट आणि ९०६६ हा करक्यूमा प्रजातीचा उपगट. कोणता उपगट कोणाच्या पोटात आहे हे आकड्यावरून ठरत नाही, यादीत नावाआधी जे ठिपके असतात त्यांवरून ठरतं. ३६/९०६६ ला चार ठिपके आहेत. एकेक ठिपका कमी करत वर चढलं की आधी ३६/९०६ म्हणजे आल्याचं कुळ लागतं, मग ३६/८८ एकदल वनस्पती, मग ३६/१८ सपुष्प वनस्पती. परीक्षकाने अर्जाला वरचाच ३६/९०६ दिला असेल तर नुसता ३६/९०६६ शोधून तो अर्ज सापडणार नाही. म्हणून वरचा उपगट हळदीच्या शब्दांसोबत जोडून घ्या. उलट बाजूही आहे: ३६/९०६६ मध्ये आंबेहळद येते आणि तवकिरासाठी वापरतात ती करक्यूमाची जातही येते. प्रबंध फक्त करक्यूमा लाँगावर असेल तर ते अर्ज हाताने वेगळे काढावे लागतील.

शुद्ध कर्क्युमिन मात्र इथे नसतं. रेणू माहीत असलेलं औषध ए६१के ३१ मध्ये जातं, आणि कर्क्युमिन हे कीटोन असल्यामुळे ए६१के ३१/१२ मध्ये. तिथे जगभरातली इतर कीटोन औषधंही आहेत, त्यामुळे शब्दाची जोड हवीच. मसाला म्हणून हळद ए२३एल २७/१० मध्ये, पूरक आहारातला अर्क ए२३एल ३३/१०५ मध्ये, खाद्यपदार्थाला नैसर्गिक रंग देणं ए२३एल ५/४३ मध्ये, खुद्द नैसर्गिक रंगद्रव्य सी०९बी ६१/०० मध्ये. चेहऱ्याला लावायची उत्पादनं ए६१के ८ आणि ए६१क्यू मध्ये. हळद काढायचं यंत्र ए०१डी मध्ये, धुण्या-वाळवण्याचं ए२३एन १२ मध्ये.

आता सगळ्यात जास्त नुकसान होतं ती जागा. आयपीसी दर वर्षी १ जानेवारीला बदलतं आणि हळदीच्या तीन घरांत मोठे बदल झाले आहेत. २००६ च्या आधी सगळी वनस्पतीजन्य औषधं ए६१के ३५/७८ या एकाच उपगटात कोंबलेली होती. हळदीच्या पेटंटवरून वाद झाल्यावर भारताने पारंपरिक ज्ञानासाठी स्वतःचं वर्गीकरण तयार केलं, ते वायपोपुढे मांडलं, आणि त्यातून ए६१के ३६ हा सुमारे दोनशे उपगटांचा नवा गट उभा राहिला. हळदीला स्वतःचा सांकेतांक मिळाला तो असा, आणि या विषयावर काम करणाऱ्याने ही गोष्ट प्रबंधात जरूर लिहावी. त्याच वर्षी सौंदर्यप्रसाधनं ए६१के ७ मधून ए६१के ८ मध्ये गेली. पुढे २०१६ मध्ये ए२३एल १ हा अख्खा गट मोडला: मसाल्यांचा १/२२१ झाला २७/१०, पूरक आहाराचा १/३० गेला ३३ मध्ये.

मोठ्या आंतरराष्ट्रीय संग्रहांत जुन्या कागदपत्रांना नवे सांकेतांक लावून झाले आहेत. पण मूळ मुखपृष्ठावर छापलेला सांकेतांक तोच जुना राहतो, आणि राष्ट्रीय नोंदींतही तो तसाच सापडतो. तुमचा काळ २००१ पासूनचा आहे, म्हणजे जुने आणि नवे दोन्ही सांकेतांक एकत्र शोधायलाच हवेत.

भारतीय पेटंट जर्नलमध्ये सांकेतांक चौदा स्थानांचा छापतात: उपवर्गाची चार, मग मुख्य गटाची चार (पुढे शून्यं भरून), मग उपगटाची सहा (मागे शून्यं भरून). म्हणजे ए६१के ३६/९०६६ तिथे ए६१के००३६९०६६०० असा दिसेल. तिरकी रेघ टाकून शोधलंत तर काहीच मिळणार नाही.

---

जमाबेरीज

उपगट यांनी वर्गाचं नीट सांगितलं आहे. मी ‘एक’ कशाला म्हणायचं ते सांगते, म्हणजे दुसरा प्रश्न.

समजा पुण्यातल्या कंपनीने भारतात अर्ज केला, बारा महिन्यांच्या आत पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) केला, आणि तिथून अमेरिका व युरोपात गेली. हाताशी येणारी कागदपत्रं अशी: भारतातला प्रकाशित अर्ज, भारतातलं मंजूर पेटंट, डब्ल्यूओ ए१, यूएस ए१, यूएस बी२, ईपी ए१, ईपी बी१ (डब्ल्यूओ म्हणजे पीसीटी, यूएस अमेरिका, ईपी युरोप; ए प्रकाशित अर्ज, बी मंजूर पेटंट). सात प्रकाशनं, चार कार्यालयं, तीन मंजुऱ्या, शोध एकच. तुमच्या तीन संकेतस्थळांचे आकडे जुळत नाहीत त्यामागे हे एक मोठं कारण आहे. एक संग्रह प्रकाशनं मोजून दाखवतो, दुसरा अर्ज, तिसरा कुटुंबं (एकाच शोधाच्या सगळ्या देशांतल्या अर्जांचे गट).

शोध मोजायचे असतील तर कुटुंब हेच एकक घ्या. त्यातही दोन प्रकार आहेत. ज्यांचे सगळे प्राधान्य-अर्ज (ज्या आधीच्या अर्जाच्या तारखेचा आधार घेतला ते) अगदी तेच आहेत ते साध्या कुटुंबात येतात, एस्पेसनेटमध्ये ते एका ओळीत दिसतं. विस्तारित कुटुंबात एखादा प्राधान्य-अर्ज सामाईक असला, तोही दुसऱ्या कुणामार्फत, तरी सगळे एकत्र गोळा होतात. अर्कावरचा एक अर्ज आणि त्याच्यातून फुटलेला नॅनो-कणांवरचा दुसरा अर्ज विस्तारित कुटुंबात एकच धरला जाईल. तंत्रज्ञानानुसार मोजताना ते नको. साधं कुटुंब घ्या, आणि तसं घेतल्याचं तळटीपेत लिहा.

वर्ष कोणतं? शोध कधी लागला याच्या सर्वांत जवळची तारीख म्हणजे सर्वांत आधीची प्राधान्य तारीख, मुखपृष्ठावर ती (३०) या अंकापुढे असते. दाखल केल्याची तारीख (२२), अर्ज प्रकाशित झाल्याची (४३), अर्जदार (७१), संशोधक (७२), वर्गीकरण (५१). हे अंक जगभर तेच असतात, त्यामुळे चिनी किंवा कोरियन मुखपृष्ठसुद्धा वाचता येतं. मंजुरीच्या वर्षावर मोजलंत तर शोधाचा वेग दिसणार नाही, त्या त्या कार्यालयातल्या परीक्षकांचा वेग दिसेल.

अर्ज प्रकाशित होतो अठरा महिन्यांनी, आणि पीसीटीमार्गे आलेला अर्ज भारतात ३१ महिन्यांपर्यंत प्रवेश करू शकतो. म्हणून कुठल्याही संग्रहात शेवटची दोनतीन वर्षं घसरलेली दिसतात. ती घसरण खरी नसते. तुम्ही २०२० ला थांबता आहात ते योग्य आहे.

अमेरिकेचं एक वेगळं पाहा. तिथे मार्च २००१ पर्यंत अर्ज प्रकाशितच होत नसत, फक्त मंजूर झालेलं पेटंट छापत आणि त्याला नुसतं ‘ए’ हे प्रकार-अक्षर देत. तुमच्या प्रश्नातलं हळदीचं पेटंट, क्रमांक ५४०१५०४, हे असंच ‘ए’ आहे: मंजूर झालेलं पेटंट, अर्ज नव्हे. ‘ए म्हणजे अर्ज, बी म्हणजे मंजूर’ असा एकच नियम सगळ्या वर्षांना लावलात तर अमेरिकेचे जुने आकडे उलटे पडतात. शिवाय परदेशात अर्ज करणार नसल्याचं सांगून तिथे आजही अर्ज अप्रकाशित ठेवता येतो, तो मंजूर झाला तरच दिसतो.

चीनच्या बाबतीत ‘यू’ प्रकाराची कागदपत्रं बाजूला काढा. ती युटिलिटी मॉडेल्स आहेत आणि सखोल परीक्षणाशिवाय मिळतात. ती फक्त आकार-रचनेसाठी असल्यामुळे अर्कांत येणार नाहीत, पण हळद धुण्या-कापण्याच्या यंत्रांत नक्की येतील आणि यंत्रांची ओळ फुगवतील.

---

वसमतकर

दोघांचेही मनापासून आभार. ए६१के ७ आणि ३५/७८ माझ्या शोधात नव्हतेच, ते आता घातले. साध्या कुटुंबावर यायचं ठरवलं आहे.

आता अपूर्णांकी मोजणीचं (एकच शोध अनेक क्षेत्रांत आणि देशांत भागांनी वाटण्याचं) कुणी एक उदाहरण करून दाखवेल का? ए६१के ३६/९०६६, ए६१के ९/१६, ए६१पी २९/०० आणि ए२३एल ३३/१०५ असे चार सांकेतांक आहेत. अर्जदार दोन, पहिला भारतातला, दुसरा अमेरिकेतला. संशोधक चार: दोन भारतात राहणारे, एक अमेरिकेत, एक जर्मनीत.

---

जमाबेरीज

सांकेतांकाला आधी क्षेत्राचं नाव लावून घ्या. वायपोचं ३५ क्षेत्रांचं कोष्टक फ्राउनहोफर संस्थेतल्या उलरिश श्मोख यांनी २००८ मध्ये वायपोसाठी तयार केलं, वायपोच्या संकेतस्थळावर ते एक्सेलमध्ये मिळतं आणि अधूनमधून सुधारलं जातं. त्यात बहुतेक ओळी उपवर्गाच्या पातळीवर आहेत, पण अपवाद मुख्य गटाच्या पातळीवर आहेत. ‘ए६१के, मात्र ए६१के ८ सोडून’ अशी ओळ औषधनिर्माणाची आहे, आणि ए६१के ८ गेला आहे सेंद्रिय सूक्ष्म रसायनांत. म्हणून जुळवणी करताना लांब सांकेतांक आधी तपासा, मग उपवर्ग, मग वर्ग. उलट क्रमाने सूत्र लावलंत तर हळदीची सगळी क्रीम औषधांत जमा होतील.

आणि आधी उपगट यांनी सांगितलेलं ए६१के ७ इथे पुन्हा आडवं येतं. २००६ पूर्वीचा सांकेतांक तसाच राहिला असेल तर कोष्टकाच्या दृष्टीने तो ‘ए६१के ८ नसलेला ए६१के’ आहे, म्हणजे औषध! जुने सांकेतांक नव्यांत बदलल्याशिवाय कोष्टक लावूच नका.

तुमच्या उदाहरणात तीन सांकेतांक औषधनिर्माणात (क्षेत्र १६) आणि एक अन्नरसायनात (क्षेत्र १८) पडतो. पुढे तीन रीती आहेत.

पूर्ण मोजणी: औषधाला १, अन्नाला १. बेरीज दोन, शोध मात्र एक. ‘या क्षेत्राला स्पर्श करणारे शोध किती’ एवढ्याच प्रश्नाला ही रीत योग्य, टक्केवारी काढायला नाही.

क्षेत्रांवर वाटणी: वेगळी क्षेत्रं दोन, म्हणून प्रत्येकी ०.५.

सांकेतांकांवर वाटणी: ०.७५ आणि ०.२५. पण ए६१पी हा औषधाचा उपयोग सांगणारा जोड-सांकेतांक आहे, तो एकटा दिला जात नाही. एका औषधाचे पाच उपयोग सांगितले की पाच ए६१पी लागतात आणि औषधाची बाजू उगाच जड होते. तो वगळला तर ०.६७ आणि ०.३३.

हळदीसाठी मी क्षेत्रांवरची वाटणी घेईन. कारण आहे चीनचे पारंपरिक औषधांचे अर्ज. पंधरा वनस्पतींचं मिश्रण असेल तर पंधरा वेगळे ए६१के ३६ सांकेतांक लागतात, आणि शेजारी एखादाच ए२३एल असतो. सांकेतांकांवर वाटलंत तर अन्नाचा वाटा एक सोळांश होतो, आणि तो ठरतो वनस्पतींच्या संख्येवरून. तंत्रज्ञानाचा त्यात काही भाग नसतो. अशा मिश्रणांत हळद हा शोधाचा गाभा आहे की पंधरातला एक घटक, हे ठरवायला पहिला दावा वाचण्याला पर्याय नाही. निदान दोनशे अर्जांचा नमुना हाताने वाचा आणि किती टक्के खरोखर हळदीचे निघाले ते लिहा.

आता देश. पहिल्या अर्जदारावर मोजलं तर भारत १, बाकी ०. अर्जदारांवर वाटलं तर भारत ०.५, अमेरिका ०.५. संशोधकांवर वाटलं तर भारत ०.५, अमेरिका ०.२५, जर्मनी ०.२५. कोष्टकाच्या घरात दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार जातो: संशोधकांनुसार ‘भारत, औषधनिर्माण’ या घरात ०.५ × ०.५ = ०.२५. सहाही घरांची बेरीज १ यायला हवी. नाही आली तर एखाद्या संशोधकाचा देश कोरा आहे किंवा एखाद्या सांकेतांकाला क्षेत्र मिळालेलं नाही.

---

कृष्णाकाठ

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे.

‘मूळ देश’ राष्ट्रीयत्वावरून ठरत नाही, वंशावरून आणि नावावरून तर मुळीच नाही. तो ठरतो निवासावरून. वायपोच्या आकडेवारीत पहिल्या नावाच्या अर्जदाराचा निवास धरतात. ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) शक्यतो संशोधकाचा निवास आणि प्राधान्य तारीख घेते. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत: पहिल्यातून मालकी कोणाकडे ते कळतं, दुसऱ्यातून डोकं कुठे चाललं ते. हळदीचं १९९५ चं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचं होतं आणि संशोधक अमेरिकेत राहत होते, म्हणून दोन्ही रीतींनी ते अमेरिकेचंच. सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन परिषदेच्या आव्हानानंतर १९९७ मध्ये त्याचे दावे रद्द झाले, तरी अर्जांच्या मोजणीतून ते निघत नाही. रद्द झालेली पेटंटं तुम्ही वगळणार असाल तर तो नियम सगळ्यांना लावा, फक्त गाजलेल्या एकाला नको.

दोन्ही रीतींत सर्वांत मोठी तफावत पडते ती परदेशी कंपन्यांच्या पुणे-बंगळुरूच्या संशोधन केंद्रांमुळे. संशोधक हिंजवडीत, अर्जदार अमेरिकेत. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याला परदेशात थेट अर्ज करायचा तर आधी परवानगी लागते, आणि ती घेऊन बरेच अर्ज पहिल्यांदा अमेरिकेतच दाखल होतात. अर्जदार आणि पहिलं कार्यालय दोन्ही परदेशी, त्यामुळे संशोधकांवरून मोजल्याशिवाय हे काम भारताच्या खात्यावर दिसतच नाही. अडचण अशी की आंतरराष्ट्रीय संग्रहांत भारतीय व चिनी अर्जांच्या संशोधकांचे पत्ते पुष्कळदा कोरे असतात. तेव्हा त्याच कुटुंबातल्या पीसीटी किंवा अमेरिकन प्रकाशनावरून पत्ता भरा. भारतीय अर्ज असेल तर फॉर्म १ पाहा, पण त्यात राष्ट्रीयत्व आणि निवासाचा देश हे दोन रकाने शेजारी असतात. निवासाचाच उचला.

आकडे उचलतानाही हेच. वायपोच्या २०२३ च्या तक्त्यात भारताचे ६४,४८० अर्ज आहेत आणि ‘५५.२ टक्के निवासी’ असंही छापून आलं. पुष्कळांनी हे ५५.२ टक्के ६४,४८० चे समजले. ते आहेत भारतीय कार्यालयात त्या वर्षी आलेल्या ९०,२९८ अर्जांचे, म्हणजे सुमारे ४९,८००. ६४,४८० मध्ये हे निवासी अर्ज आणि भारतीयांनी परदेशी कार्यालयांत केलेले अर्ज, दोन्ही मिळून आहेत. एक आकडा मूळ देशाचा, दुसरा कार्यालयाचा. त्यातही मूळ देशाच्या तक्त्यात समतुल्य मोजणी असते: आफ्रिकेतल्या सतरा देशांच्या ओएपीआय या सामाईक कार्यालयात केलेला एक अर्ज सतरा धरला जातो. वार्षिक अहवालाशी तुलना कराल तेव्हा वर्षही पाहा. भारतीय कार्यालयाचा अहवाल एप्रिल ते मार्च असतो, वायपोचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२२-२३ चे अहवालातले अर्ज ८२,८११ आणि वायपोचे २०२२ चे ७७,०६८, दोन्ही बरोबर आहेत.

महाराष्ट्रासाठी मुंबई कार्यालयाचा आकडा चालणार नाही. मुंबईच्या हद्दीत महाराष्ट्राबरोबर गुजरात, मध्य प्रदेश, गोवा, छत्तीसगड आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेली येतात. परदेशी अर्जदाराचं कार्यालय तर त्याच्या भारतातल्या एजंटच्या पत्त्यावरून ठरतं, त्याचा राज्याशी काहीच संबंध नाही.

२०१६ पासूनचा बारा अंकी अर्ज क्रमांक मात्र उपयोगी आहे. पहिले चार अंक वर्ष, पाचवा कार्यालय (१ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई), सहावा अर्जाचा प्रकार (१ साधा, ४ कन्व्हेन्शन म्हणजे परदेशातल्या आधीच्या अर्जाचा आधार घेतलेला, ७ पीसीटीतून आलेला), उरलेले सहा अनुक्रमांक. २०१९२१ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मुंबईतला साधा अर्ज, २०१९२७ म्हणजे मुंबईतला पीसीटीतून आलेला. त्याआधीच्या क्रमांकांत एमयूएम आणि एमयूएमएनपी अशी अक्षरं असत. पीसीटीच्या अर्जात क्रमांकातलं वर्ष हे भारतात प्रवेश केल्याचं असतं, कायद्याने दाखल तारीख आंतरराष्ट्रीय अर्जाचीच राहते. २०१९ चा क्रमांक असलेला अर्ज २०१७ चा असू शकतो.

राज्य काढायचं तर अर्जदाराच्या पत्त्यातला पिनकोड घ्या. ४० ते ४४ ने सुरू होणारे महाराष्ट्राचे, त्यातून ४०३ काढा, तो गोवा. अर्जदार मुंबईतलं मुख्यालय आणि संशोधक सांगलीचे असंही दिसेल, तेव्हा जिल्ह्यावर जायचं असेल तर संशोधकांचे पिनकोड हवेत.

अर्ज की मंजुऱ्या हेही आत्ताच ठरवा. भारतात कलम ३(पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही आणि ३(ई) प्रमाणे नुसत्या मिश्रणालाही नाही. हळदीच्या अर्जांवर हे आक्षेप नेहमीचे आहेत. मंजुऱ्या मोजून भारत आणि इतर देश शेजारी ठेवलेत तर तुलना शोधांची राहणार नाही, कायद्यांची होईल.

---

उपगट

एक पुरवणी. सीपीसी हे दुसरं पेटंट वर्गीकरण वापरणार असाल तर लक्षात घ्या की ते युरोपीय आणि अमेरिकन कार्यालयांचं आहे, २०१३ पासूनचं, आणि आयपीसीपेक्षा कितीतरी बारीक. वनस्पतीचा अर्क कोणत्या द्रावकाने काढला हे ए६१के २२३६ मालिकेत सापडतं, प्रबंधात इथेनॉल की पाणी असा फाटा करायचा असेल तर फार कामाचं. पण ही दोन हजारच्या पुढची मालिका पूरक माहितीची आहे, क्षेत्रांच्या वाटणीत ती धरू नका. आणि ज्या भारतीय अर्जाचं परदेशात कुटुंबच नाही त्याला बहुधा सीपीसी नसतंच. फक्त सीपीसीवर मोजलंत तर भारतातच राहिलेले छोटे अर्जदार गळतील, आणि हळदीत तेच जास्त आहेत.

---

वसमतकर

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. साधं कुटुंब, सर्वांत आधीची प्राधान्य तारीख, क्षेत्रांवर वाटणी आणि देश दोन रकान्यांत (पहिला अर्जदार, संशोधक) असं ठरवतो. दोनशेचा नमुना वाचायला घेतो.

एक तांत्रिक अडचण: एक्सेलमध्ये उपवर्ग आणि गट वेगळे केले तर कर्क्युमिनच्या बऱ्याच ओळी रिकाम्या येतात. ए६१के ३१ ला जुळतच नाहीत.

---

जमाबेरीज

तो ३१/१२ आहे, एक्सेलने त्याची ३१ डिसेंबर ही तारीख केली असणार. ए२३एल ५/४३ चंही तेच होईल. आता रकान्याचा प्रकार बदलून उपयोग नाही, आतली मूळ किंमत गेलेली असते. मूळ फाइल पुन्हा आयात करा आणि आयातीच्या वेळीच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. अर्ज क्रमांकाचा रकानाही तसाच घ्या, नाहीतर बारा अंकी क्रमांक २.०२ई+११ असा दिसेल आणि सीएसव्हीत साठवला की शेवटचे अंक कायमचे जातील. त्यानंतर सगळ्या घरांची बेरीज करा. ती कुटुंबांच्या संख्येइतकी आली की कोष्टक इथे टाका, आपण पाहू.